तात्यांच्या मळ्यातली द्राक्षवेल

पायताण कुंपणाबाहेर काढल्याशिवाय आमचे तात्या कुणालाही पानमळ्यात शिरू देत नसत. मग तो गावचा पाटील असो, की परभणीच्या सरकारी बागेतला बूटवाला साहेब. तात्या म्हणजे माझे चुलतसासरे. कळमनुरीजवळच्या आमच्या गावात नागवेलीचा मळा एकट्या त्यांचाच. बाईमाणसाला तर आत पाऊल टाकायची बंदी. वेल नासते म्हणे! मी नवी सून. भाकरी कुंपणावरूनच द्यायचे.

साहेब फळझाडांवर संशोधन करायचे. मळ्यावरची सावली, वारा अडवणारे गवताचे तट्टे बघून ते खूश झाले आणि द्राक्षाच्या काड्या तात्यांना लावायला देऊन गेले. तात्यांनी त्या एका कोपऱ्यात लावल्या आणि नागवेलीसारख्याच वाढवल्या. वर गर्द सावली, रोज पाणी. दोन वर्षांत वेल मांडवभर पसरली, पण मणी म्हणाल तर एक नाही.

साहेब म्हणाले, "तात्या, वरची सावली विरळ करा आणि वेल छाटा. यंदाही फळ नाही आलं, तर वेल उपटून नेईन."

तात्या तापले. "काहून छाटू? आमी पानसुद्धा नखानं खुडतो. जित्या येलीला कात्री लावू व्हय? तुमी बुकं वाचून राहिले साहेब, मी येल वाचून राहिलो!"

"मग ती काय म्हणते?" साहेबांनी हसून विचारलं.

तात्या वळून वेलीला पाणी घालू लागले.

दसरा झाल्यावर वरची सावली विरळ करून एक दिवस तात्या कात्री घेऊन वेलीपाशी बसले. सकाळची दुपार झाली. कात्री पुढं न्यायचे, मागं घ्यायचे. मी भाकरी घेऊन बाहेर उभी.

"सूनबाई, आत ये."

"तुमीच म्हनले ना तात्या, बाईनं येऊ न्हाई?"

"ते नागवेलीचं. हिचं कोन सांगितलं? ये. माझ्याच्यानं व्हत न्हाई. मेथी निवडती तशी बेधडक काप. मी तिकडं तोंड करतो."

काढायला मला पायताण नव्हतंच. साहेबांनी काडीवर चुन्यानं खुणा केल्या होत्या, तिथं कापत गेले. प्रत्येक कचक्याला तात्यांची पाठ दचकायची.

फाल्गुनात घड लटकले. उन्हाची झळ लागू नये म्हणून तात्यांनी पश्चिमेचा तट्टा दुहेरी केला होता. साहेबांनी अनवाणी उभं राहून ते वहीत उतरवलं.

"लिवा, लिवा," तात्या मान ताठ करून म्हणाले. "अन् खाली हेबी बराबर लिवा. छाटनी सुनेची."

निजामाचं राज्य गेलं त्याच पावसाळ्यात तात्या गेले. छाटणीचा दिवस आला. या खेपेला आत बोलावणारं कुणी नव्हतं. आता मला पायताण होतं. ते कुंपणाबाहेर काढलं आणि कात्री घेऊन आत गेले.