महिना एकाच फाइलीत

काशीतल्या ब्रह्मा घाटावरच्या वेणीमाधवशास्त्र्यांचा मुलगा देवदत्त विद्यापीठाच्या संगणक विभागात नोकरीला होता. १९९८ साली त्याने वडिलांच्या मराठी यजमानांसाठी एक वेबपान केलं. मृत्यूची तारीख टाकली की तिथी कळायची आणि यंदाच्या श्राद्धाचा दिवसही. बटणं, रंग, तिथीचं गणित, सगळं एकाच फाइलीत कोंबलेलं, घाईत बांधलेल्या वळकटीसारखं. महिना मोजायचा नियम तर लागेल तिथे पुन्हापुन्हा चिकटवलेला. चालतंय ना, मग कशाला हात लावा, असा गड्याचा बाणा.

काशीत महिना पौर्णिमेला संपतो, मराठी घरात अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षात इथल्या महिन्याचं नाव आपल्यापेक्षा एकाने पुढे असतं. देवदत्त वाढला काशीत, त्याने नियम लिहिला इथलाच. वडिलांनी चूक दाखवली तेव्हा त्याने तो बदलला, पण तिथी सांगणारी एक जागा नजरेतून सुटली.

डिसेंबरात नागपूरच्या शरदिनीबाई पतीच्या श्राद्धासाठी आल्या. त्यांच्या कार्तिक वद्य दशमीला पानाने इथल्या रीतीने मार्गशीर्ष म्हटलं होतं, आणि दिवस काढताना तोच मार्गशीर्ष मराठी धरला होता. वेणीमाधवांनी पंचांग उघडलं. तिथी महिन्यापूर्वीच होऊन गेली होती.

"गलती माझी आहे, काकू," देवदत्त म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"राहिलेलं श्राद्ध अमावास्येला करता येतं," वेणीमाधव म्हणाले. "पाच दिवस थांबा इथेच."

शरदिनीबाई बोटांवर मागचे दिवस मोजत होत्या. "त्या दिवशी मी भाचीच्या डोहाळजेवणाला होते," त्या म्हणाल्या. "गाणी म्हटली. दोनदा श्रीखंड मागून घेतलं."

वेणीमाधवांनी पंचांग मिटलं.

देवदत्तने पान बंद केलं आणि दोन महिने खपून त्याचे तुकडे वेगळे केले. दिसण्याची फाइल वेगळी, बटणांची वेगळी. महिन्याचा नियम एकाच फाइलीत, बाकीच्यांनी तिलाच विचारायचं. आता एका जागी बदल केला की सगळीकडे पोचत होता. हे आधीच करायला काय झालं होतं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढच्या वर्षी शरदिनीबाईंचं पोस्टकार्ड आलं, वेणीमाधवांच्या नावे. 'तिथी कधी येते ते पंचांगात बघून कळवावे.' वेणीमाधवांनी बघून उत्तर लिहिलं. देवदत्तने ती तारीख पानावर ताडून पाहिली. तंतोतंत जुळली. त्याने ते कोणाला सांगितलं नाही, उत्तराचं कार्ड टपालपेटीत टाकून आला.