चांगल्या सीलची दुरुस्ती

आमच्या भावोजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना, धड चाललेली वस्तू बघवत नाही. पंखा मुकाट फिरत असला तरी हे स्टुलावर चढून त्याला 'जरा बघतात', आणि मग आठवडाभर सगळे घामाघूम. पोटापाण्यालाही त्यांनी तेच धरलंय: नेमबाजीच्या क्लबात हवेच्या रायफली दुरुस्त करतात. तिथे त्यांचा शब्द शेवटचा. चूक कधी रायफलची निघते, कधी नेमबाजाची. भावोजींची निघाल्याचं अजून कुणाच्या ऐकिवात नाही.

या रायफलीच्या नळकांड्यात हवा ठासून भरलेली असते. प्रत्येक छर्र्यामागे तिचा जोर सारखा लागावा म्हणून मध्ये रेग्युलेटर असतो. जोर वाढला की छर्रा वर जातो. एवढं मलाही कळतं, कारण त्यांच्या घरी जेवताना दुसरा विषयच नसतो.

माझी भाची संघाच्या निवडीला उतरणार होती. तिची रायफल उत्तम चालली होती, आणि तेच भावोजींच्या डोळ्यांत खुपत होतं. आदल्या दिवशी "बाबा, हात लावायचा नाही हं," असं बजावून ती कॉलेजला गेली. ती परतायच्या आत यांनी रेग्युलेटर उघडला, त्यातलं हवा अडवणारं चांगलं सील काढलं आणि नवं बसवलं. का, तर ऐन वेळी दगा नको. भराभर छर्रे मारून पाहिले, सगळे एकाच भोकात. मग समाधानाने बहिणीकडे चहा मागितला.

नवं सील नीट बसायला वेळ लागतो. तोवर त्यातून हवा हळूच पुढे झिरपते, आणि नेमबाज जितका थांबेल तितका जोर वाढत जातो. भावोजी मारतात भराभर. भाची मारते श्वास रोखून, सावकाश. त्यामुळे घाईचा छर्रा मधोमध आणि जीव ओतून मारलेला वर. निवडीच्या दिवशी पोरगी जितकी जपून मारायला गेली, तितका खेळ बिघडत गेला. माझ्या शेजारी बसलेल्या भावोजींनी आधी रुमाल काढला, मग ते छताकडे बघू लागले. मी काय ते ओळखलं. असा संताप आला की विचारू नका.

यादीत तिचं नाव आलं नाही. तिचे प्रशिक्षक म्हणाले, "हात चांगला आहे, मन कच्चं आहे."

"सर, मी सोडते," भाची खाली मान घालून म्हणाली. "मला नाही जमायचं हे."

भावोजी आता नुसते गप्प बसले असते, तरी निभावलं असतं.

"सील मी बदललं काल," ते म्हणाले. सगळ्यांसमोर.

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे मी बरोबर मारत होते?"

"हो."

तिने डोळे पुसले. हॉलच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच एका क्लबचा मेकॅनिक टेबल मांडून बसला होता. त्याचं नाव निघालं तरी भावोजींच्या कपाळाला आठ्या पडतात. तिने त्याच्याकडे बोट दाखवलं. "यापुढे माझी रायफल ते बघतील."

रायफलची जड पेटी भावोजींनी स्वतःच उचलली आणि त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली.