काकांनी अंगावर घेतलेली चूक

माझ्या काकांना सगळे पाणसळ म्हणायचे, म्हणजे पातळी बघायचं गवंड्याचं साधन. ते मूळचे गवंडी. भिंत ओळंब्यात आणि जोतं पातळीत, यापलीकडे त्यांना जगाशी फारसं देणंघेणं नव्हतं. पण पाऊस लहरी झाला. आठवडेच्या आठवडे दडी मारायचा आणि मग उट्टं काढल्यासारखा एका दुपारी कोसळून शेतातली माती घेऊन जायचा. तेव्हा काकांनी थापी खाली ठेवली आणि उतारावर आडवे चर आखायला घेतले. चरात पाणी थांबलं की ते मुरतं, मुरलं की विहिरीत येतं, एवढं साधं गणित. चार वर्षांत आमच्या विहिरी दोन महिने जास्त टिकू लागल्या.

त्यांचं साधन म्हणजे पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. दोन्हीकडचं पाणी आपसूक एका पातळीत येतं. मात्र आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी सगळं मोजमाप चुकतं. म्हणून काका टिचक्या मारत मारत पूर्ण नळी तपासायचे. मी शाळेत शिकवते, मला पहिला तास गाठायचा असायचा, पण त्यांना त्याचं काय! कितीदा मनातल्या मनात चरफडले असेन.

मग ओढ्यावर मातीचा बांध घालायचं ठरलं. बांध किती उंच ठेवायचा आणि जादा पाणी काढून देणारा सांडवा किती रुंद, हे ठरवायची आमच्याकडे एक रीत आहे. सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ओढ्यावर न्यायचं आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा पूर कुठवर आला होता ते विचारायचं. ती खूण नळीने बांधाच्या जागेवर आणायची आणि वर एक हात चढवायचा. आमच्यात सगळ्यात म्हातारी माझी आजी, काकांची आई. तिला खुर्चीत बसवून नेलं. तिने मोठ्या ऐटीत काठीने एक दगड दाखवला आणि यावर पाणी गेलेलं आपण कधी पाहिलं नाही, असं ठणकावून सांगितलं.

बांधाच्या अगदी खाली माझ्या बाबांचं शेत. बाबा काकांचे थोरले भाऊ. ते म्हणाले, "सांडवा दुप्पट रुंद कर. त्यात माझी जमीन गेली तरी चालेल. हल्लीचा पाऊस आईच्या ओळखीचा नाही." पण काका हट्टाला पेटले. आईचा शब्द ते खाली पडू देणार नव्हते.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी महिनाभराचा पाऊस तीन तासांत पडला. सांडव्याला तेवढं पाणी पेललं नाही आणि बांध फुटला. माणसं वाचली. बाबांच्या शेतातली माती मात्र गेली, खाली नुसता खडक उरला.

आजीने अन्न सोडलं. माझ्या सांगण्याने लेकाचं शेत गेलं, एवढंच बोलत राहायची. तिसऱ्या दिवशी काकांनी सगळ्यांना आमच्या अंगणात बोलावलं आणि आजीच्या समोर उभं राहून सांगितलं, "आईची खूण बरोबर होती. माझ्या नळीत बुडबुडा राहिला होता."

त्या रात्री आजी जेवली. मी गप्प बसले. बुडबुडा नव्हता. दुसरं टोक माझ्याच हातात होतं, मला माहीत नसेल तर कोणाला?

त्यानंतर काकांना कोणी कामाला बोलावलं नाही. त्यांना पाहून पोरंसोरं फिदीफिदी हसायची. चर उपसायला कोणी नाही, ते गाळाने भरले आणि विहिरी पुन्हा लवकर आटू लागल्या. मला काकांचा राग यायचा, अजून येतो. एका म्हातारीचं मन राखायला त्यांनी सगळ्या शिवाराचं पाणी घालवलं. बाबांनी तर बोलणंच टाकलं.

काका रोज सकाळी ओढ्याच्या खालच्या अंगाला गाळ खणायचे, हातगाडीत भरून बाबांच्या शेतात आणून ओतायचे. बाबा शेताच्या बांधावर उभे राहून बघायचे. नको म्हणायचे नाहीत, पाणीही विचारायचे नाहीत. हे सहा वर्षं चाललं. मधे आजी शांतपणे गेली. आता तरी बाबांना खरं सांगा, म्हणून मी काकांच्या मागे लागले.

"ती गेली, म्हणून आता तिच्यावर ढकलू?" एवढंच म्हणाले.

यंदा त्यांची छाती भरली. खाटेवर पडल्या पडल्या एकच चौकशी, दादा काही बोलला का. मी धडधडीत खोटं सांगायचे की बाबा रोज तुमची विचारपूस करतात. त्यावर ते डोळे मिटून पडून राहायचे. पाचव्या दिवशी पहाटे ते गेले.

सगळं आटोपून घरी आल्यावर माझा बांध सुटला. बाबांना दगड, खूण, आजी, सगळं सांगून टाकलं.

"नळीत बुडबुडा ठेवणारा माणूस होता का तो?" बाबा म्हणाले. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, जगाला काही सांगू दे, मला तरी खरं सांगेल. वाट बघत राहिलो. काल संध्याकाळी गेलो होतो त्याच्याकडे. म्हटलं, आपणच बोलावं. त्याला नुकता डोळा लागला होता. उठवायचं जिवावर आलं. म्हटलं, उद्या येऊ."