श्रावू बोलायची थांबली तेव्हा

मला सहावा महिना संपत आला होता आणि मी अंबाबाईच्या देवळात जाणं बंद केलं होतं. माझी शाळा नेसरीत झाली. पुढे कोल्हापुरात वसतिगृहात राहून मी पदवी घेतली, आमच्या घराण्यातली पहिली. ती अंबाबाईच्याच कृपेनं मिळाली अशी माझी श्रद्धा, म्हणून तेव्हापासून एकही शुक्रवार मी चुकवला नव्हता. पण त्या दिवसांत मला तिचं तोंड बघायचं नव्हतं. तीही बाईच ना? मग माझ्या घरात चाललेलं सगळं बघून ही गप्प कशी बसते, असा माझा तिच्यावर राग होता.

माझी थोरली श्रावणी साडेतीन वर्षांची. आम्ही तिला श्रावू म्हणतो. आमच्याकडे घरात कुणी गरोदर असलं की लहान मुलाला विचारतात, आईच्या पोटात भाऊ आहे की बहीण? मूल जे बोलेल तेच होतं, असं मानतात. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. त्यांनी पाचव्या महिन्यापासून हा प्रश्न लावून धरला. श्रावू "भाव" म्हणाली की लिमलेटची गोळी मिळायची. "भैन" म्हणाली की, "आसं बोलू नये, परत सांग." दूधवाला विचारायचा, कागलहून आलेले पाहुणे विचारायचे, जिन्यात भेटलेली कुणीही बाई विचारायची. जेवताना, झोपताना, अंघोळीच्या पाटावरसुद्धा. त्या एवढ्याशा जिवाला दुसरं काही कुणी विचारेनाच. तू काय खेळलीस, तुला भूक लागली का, काही नाही. जणू माझी पोरगी म्हणजे पोटात बघायची खिडकी.

एका सकाळी नळाला पाणी आलं होतं. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यातल्या एकीनं श्रावूचा गालगुच्चा घेऊन विचारलं आणि श्रावूनं खणखणीत आवाजात सांगितलं, "भैन हाय. मला भैनच पायजे."

"झालं की मावशी तुमचं!" ती बाई आत्तींना म्हणाली आणि सगळ्या हसल्या. आत्तींचं तोंड उतरलं.

आणि मी श्रावूच्या थोबाडीत मारली.

राग त्या बाईचा होता, आत्तींचा होता. मारलं मात्र लेकीला. त्याहून वाईट म्हणजे, त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली होती की हिच्या बोलण्यानं तसं होईल. मी विज्ञानाची पदवीधर. मुलगा की मुलगी हे कशानं ठरतं, ते मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं आणि पूर्ण गुण मिळवले होते. ते सगळं शिक्षण त्या नळापाशी वाहून गेलं.

श्रावू रडली नाही. ती बोलायची थांबली. पाणी हवं असलं तर तांब्याकडे बोट दाखवायची. बालवाडीतल्या बाई म्हणाल्या, तिथंही गप्पच असते. डॉक्टर म्हणाले, कानात, घशात दोष नाही, धीर धरा. अठरा दिवस आमच्या घरात तिचा आवाज नव्हता. "हूईल बरी. आईला काय बोलू नको उगंच, वय झालंय तिचं," असं नवरा म्हणाला तेव्हा मी हातातलं लाटणं ओट्यावर आपटलं. आईचं वय झालंय आणि पोरीचं वय काय?

सातव्यात डोहाळजेवण ठरलं. हिरव्या बांगड्या भरायला आत्ती, मी आणि श्रावू देवळाच्या मागच्या गल्लीत गेलो. मला कशाचीच हौस नव्हती. नेहमीच्या दुकानाला कुलूप होतं. चार दुकानं पुढे एका अरुंद दुकानाचं दार अर्धं उघडं दिसलं. आत एक म्हाताऱ्या मुसलमान बाई होत्या. "शुक्रवारी दुपारचं आमचं बंद असतंय," त्या म्हणाल्या, "पोरगं नमाजाला गेलंय. मी चष्मा इसरलोतो म्हणून आलो. पण पोटुशी बाई दारातनं माघारी कशी लावायची? बसा की."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोटं दाबत एकेक बांगडी चढवू लागल्या. आत्तींना राहवेना. "चाची, जरा हिला इचारा की. भाव का भैन? बोलतच न्हाय बगा पोरगी." श्रावू माझ्या पदरात शिरली. तेवढ्यात माझ्या हातावर एक बांगडी तडकली.

"अगं बाई! आज, आणि शुक्रवारी!" आत्ती ओरडल्या.

"आक्का, काच हाय ती," चाची शांतपणे म्हणाल्या. "काच फुटतीय. तिला काय कळतंय काय हुनार ते? आणि ह्या पोरीला तरी काय कळतंय?" मग माझा हात तसाच सोडून त्या श्रावूकडे वळल्या. "हिकडं ये बेटी. पोटातल्याचं ऱ्हाऊ दे. तुला कुठल्या पायजेत?"

श्रावूनं पदरातून तोंड काढलं. मांडलेल्या बांगड्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "निळ्या."

"हिरव्या भरा, आज निळ्या कशाला," आत्ती पुटपुटल्या.

"तिनं मागिटल्यात त्या भरणार. दुकान माझं हाय," चाची म्हणाल्या.

माझा इतक्या दिवसांचा बांध तिथं फुटला. त्या दुकानातच मी श्रावूला म्हणाले, "मी तुला मारलं. माझं चुकलं. तू काहीच वाईट बोलली नव्हतीस." आणि आत्तींना म्हणाले, "आत्ती, यापुढं हे हिला कुणी विचारलं, तर मी डोहाळजेवणाच्या पाटावरनं उठून जाईन." आवाज मोठाच होता. आत्ती रस्त्याकडे बघत बसल्या. चाचींनी मान खाली घालून उरलेल्या बांगड्या भरल्या.

तिथून मी तडक देवळात गेले. खरं सांगते, भांडायला गेले. रांगेत मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, काय काय बोलायचं ते. समोर पोचले तेव्हा श्रावू कडेवर होती आणि मागून ढकलाढकली चालली होती. ती म्हणाली, "आई, देवीला नथ हाय." मी माझं सगळं भांडण विसरले. आजवर मी तिथं दरवेळी काहीतरी मागितलं होतं. परीक्षा, नोकरी, लग्न, आणि या खेपेला, लपवत नाही, मुलगा. त्या दिवशी काहीच मागितलं नाही. तू देशील ते, आणि कधी देशील तेही तुझंच, एवढं म्हणून बाहेर आले.

अर्धं उघडं राहिलेलं दार, विसरलेला चष्मा, यात देवी होती का, हे मी कुणाशी वाद घालून सांगणार नाही. माझ्यापुरतं मला कळलं. माझा राग पूर्ण गेलेला नाही. गल्लीतली ती बाई दिसली की अजून डोकं तापतं, आणि आत्तींशी मी मोजकंच बोलते. शरण जाणं म्हणजे सगळं गोड मानून घेणं, असं मी समजत होते. तसं नाही. आपल्या हातात नसलेलं सोडून द्यायचं, आणि हातात आहे ते जपायचं. माझ्या हातात श्रावू होती.

आता नववा चालू आहे. श्रावू उठल्यापासून झोपेपर्यंत बडबडते. मुंगी कुठं राहते, चंद्राला दात आहेत का, आजीला कोण ओरडतं. ऐकून ऐकून माझं डोकं उठतं, आणि मी एकेका प्रश्नाचं उत्तर देत बसते. अंबाबाई, हे तुझंच देणं.