हवेच्या पेटीवरची झालर

अल्लाउद्दीनचं डोकं फिरायला एरवीही फारसं काही लागत नसे, पण त्या उन्हाळ्यात ते फिरलेलंच होतं. कबनुरात त्याची अख्खी हयात लोकांचे बिघडलेले माग दुरुस्त करण्यात गेली. नुसत्या आवाजावरून तो मागाचं दुखणं सांगायचा. आणि घरात स्वतः केलेली साधी हवेची पेटी मात्र त्याला दाद देत नव्हती.

पेटी केली होती बायकोसाठी. घर भाड्याचं, भिंतीपलीकडे मागांचा कारखाना. दिवसभर कापसाची धूळ भातापासून उशीपर्यंत सगळीकडे. शहाजादीला दम लागायचा. पावसाळ्यापर्यंत फरक पडला नाही तर बाईंना इथून हलवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हलवायचं म्हणजे बिद्रीला, लेकीकडे. जावयाच्या घरी कायमचं जाऊन राहायचं या विचाराने शहाजादीला घास जात नव्हता, आणि तिच्याशिवायचं घर अल्लाउद्दीनला डोळ्यापुढे आणवत नव्हतं.

कुठल्याशा कॉलेजच्या प्रदर्शनात त्याने ही युक्ती पाहिली. शेवाळ वाळवायचं, झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात भाजून त्याचा कोळसा करायचा आणि जाळीच्या खणात भरायचा. पुढे पांढरं फडकं, मागे पंखा. फडकं धूळ अडवणार, कोळसा धूर आणि वास. खर्च म्हणावा असा नाहीच. अल्लाउद्दीनने विहिरीतलं शेवाळ पोत्याने आणलं. भाजताना अशी काही घाण सुटली की शेजारच्या ज्ञानूने आठवडाभर अबोला धरला.

एवढं करूनही संध्याकाळी घरी यावं, तर पेटी चालू आणि शहाजादी उंबऱ्याशी धापा टाकत बसलेली. त्याने पंखा बदलला, दुसऱ्या विहिरीचं शेवाळ आणलं, ज्ञानूच्या शिव्याही खाल्ल्या. दर जुम्म्याला फडकं तपासायचा, तर ते जवळपास पांढरंच. कबनुरात पांढरं फडकं! ते बघूनही या शहाण्याला शंका येऊ नये म्हणजे कमाल झाली.

एके दिवशी पाना विसरला म्हणून तो भर दुपारी घरी आला. पलीकडे माग धडधडत होते, खोलीत धूळ तरंगत होती. पेटीचा पंखा बंद, आणि तिच्यावर लाल दोऱ्याने विणलेली, मणी लावलेली झालर. म्हणजे पंखा लागायचा तो फक्त त्याच्या घरी यायच्या वेळेला.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धूळ खायला केलेली पेटी धुळीपासून झाकून ठेवायची, ही कुठली अक्कल, म्हणून तो मागांच्या वर आवाज चढवून बोलत सुटला. शहाजादी धापा टाकत, तुकड्यातुकड्याने म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं लोकांचं माग दुरुस्त केलासा. माझ्यासाठी हातानं केलेली एवढीच एक वस्तू हाय की. ती खराब झाली तर?"

"हू दे खराब. पेटी दुसरी करीन. दुसरी तू कुठनं आणू?"

एवढं बोलून त्याने झालर काढली आणि पंखा लावला.

पुढच्या जुम्म्याला फडकं काळंकुट्ट निघालं. शहाजादीने तोंड वाकडं करत ते धुतलं, पण धुताना तिला दम खायला एकदाही थांबावं लागलं नाही. पावसाळा आला तरी बिद्रीचा विषय निघाला नाही. झालर वाया जाऊ नये म्हणून तिने ती टीव्हीवर घातली. निम्मा पडदा झाकला जातो म्हणून अल्लाउद्दीन रोज कटकट करतो, आणि ती ऐकायला शहाजादी घरातच असते.