मेंढरांच्या मापाचा ट्रॅक्टर

व्यक्तिचित्र म्हटलं की तुम्ही आधी रुमाल काढून ठेवता. शेवटी माणूस जाणार, लेखक आभाळाकडं बघणार आणि तुम्ही डोळे पुसणार. तो रुमाल घडी करून खिशात टाका. आमचे दगडूआबा ठणठणीत आहेत. या घडीला कवठे येमाईत कुणाच्या तरी बांधावर उभं राहून, न विचारलेला सल्ला देत असतील. बरं, गरीब, अबोल म्हातारा डोळ्यापुढं आणला असेल तर तोही पुसून टाका. आबा काळा गॉगल लावतात, झोपेतसुद्धा बोलतात, आणि चुकले तरी ठासून चुकतात.

आबांचं तरुणपण मेंढरांमागं गेलं. मेंढरं कधीच विकली, आता ऊस, कांदा आणि गाया आहेत. पण माप राहिलं ते मेंढराचंच. खोली दाखवली की, "बारा मेंढरांची हाय." नवरदेव बघितला की, "पोरगं दीड मेंढराचं, कोट मातुर तीन मेंढरांचा." मी रांजणगावला कंपनीत लागलो तेव्हा आमच्या बसमध्ये डोकावून म्हणाले, "साठ मेंढरं आरामात बसत्याल. माणसं किती कोंबत्यात रं?" शिफ्ट सुटली की आता त्याच बसमध्ये पोरं ओरडतात, "आबा लाव!" गाणं लावा म्हणावं तसं. मग मी मान वाकडी करतो, गॉगल नाकाच्या शेंड्यावर आणतो आणि ड्रायव्हरला मेंढरात मोजतो.

आबांची खरी ख्याती ट्रॅक्टरच्या सल्ल्याची. गावात कुणी ट्रॅक्टर घेणार म्हटलं की आबा आधी त्याच्या रानात जाऊन चालतात. दोन झाडांमधून, गोठ्याच्या बोळातून, बांधाच्या कडेनं. ट्रॅक्टरकडं ढुंकून बघत नाहीत. "एडका केवढा ते इचारू नको. वळतो कुठं ते इचार." आणि प्रत्येकाला सांगतात, ल्हान घे.

आता गंमत अशी, की खुद्द आबांच्या दारात पंचावन्न एचपीचं धूड उभं आहे. "लोकं बघत्यात म्हणून घेतला," असं ते छाती काढून सांगतात. त्यांच्या रानात तो वळत नाही. मग तो लोकांच्या नांगरटीला भाड्यानं जातो, आणि बाकी दिवस बोनेटवर घरच्या कुरडया वाळतात.

एकदा पारावर कुणीतरी टोचलंच, "आबा, तुमचं भाडं बुडंल म्हणून आमाला ल्हान घ्याया सांगता व्हय?"

"मग!" आबा म्हणाले. "मोठं काम माझ्याकडं, बारकं काम तुझ्याकडं. सल्ला फुकाट देत न्हाई मी."

तर आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, ट्रॅक्टर घ्यायचं म्हणत होते. तात्यांचं काळीज म्हणजे त्यांची डाळिंबाची बाग. स्वतः खड्डे घेऊन लावलेली. फळ धरलं की माणूस सकाळी उठून आधी बागेत जातो, मग तोंड धुतो. बागेला बारका ट्रॅक्टर हवा, हे त्यांनाही कळत होतं. पण पोराच्या लग्नात, भर मांडवात, दौंडकडच्या व्याह्यांनी सहज विचारलं, "आमच्याकडं पंचावन्नचा हाय. तुमचा किती एचपीचा?" तिथंच तात्यांच्या घशात जिलेबी अडकली.

तेव्हापासून एकच धोशा. घेईन तर पंचावन्नचाच. सोमवारी बुकिंग. आणि बुकिंगला सोबत म्हणून बोलावलं कुणाला? व्याह्यांनाच!

आदल्या दिवशी आबा बागेत चालून आले. "तात्या, ह्या दोन वळींतनं तीन मेंढरं जात्यात, ती पण अंग चोरून. तुझा तो डोंगर गेला तर निम्म्या फांद्या संगट घिऊन जाईल. आन् त्या टोकाला वळायला जागा कुठाय? भावाच्या बांधावर चढशील. मग बांधावर न्हाई, कोर्टात वळशील."

बांधापलीकडं आमचंच रान, त्यामुळं मी जोरात मान हलवली.

तात्या म्हणाले, "आबा, व्याह्यांम्होरं खेळणं उभं करू का? एक ओळ काढून टाकीन, पण ट्रॅक्टर मोठाच आणीन."

एक ओळ काढीन म्हणताना तात्यांचा आवाज असा आला, की आबांनी गॉगलच काढला. "उद्या सकाळी बागेत ये," एवढंच म्हणाले.

सोमवारी सकाळी आबा बागेत हजर. सोबत चार दांडगे गडी, तात्यांच्याच घरची बाज आणि एक लांब बांबू. मागं जोडायचा रोटर केवढा असतो, तेवढा बांबू त्यांनी बाजेच्या शेवटाला आडवा बांधला.

"हा तुझा पंचावन्नचा. बस. फिरवून दाव. न्हाई अडकला तर मी सोता तुझ्यासंगं बुकिंगला येतो."

चौघं गडी बाज खांद्यावर घ्यायला वाकले. "खांद्यावर कशाला उचलताय?" तात्यांनी विचारलं.

"बोनेट काय जमिनीवर असतंय व्हय रं?"

तात्या बसले. हातात स्टिअरिंग म्हणून परात. इंजिन मी. पुढं चालत पंचावन्न एचपीचा आवाज काढायचा, गियर टाकायचा, धूर म्हणून माती उडवायची. असा मान मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही.

निघालो. दहा पावलांत बांबू दोन्हीकडच्या फांद्यांना लागला. कट्टकन एक मोडली, फळासकट. "आई गं," तात्या कळवळले. पुढच्या फांद्या थेट तोंडावर. काटे ते! तात्यांनी परात पोटावर घेतली, आडवे झाले आणि उपरणं तोंडावर ओढलं. टोकाला वळताना गडी आमच्या बांधावर चढले, बाज कलली, मी घाबरून इंजिनाचा आवाज वाढवला.

नेमकी तेव्हाच व्याह्यांची जीप रस्त्याला थांबली.

त्यांना काय दिसलं बघा. बाज. तिला बांधलेला बांबू. चौघांचे खांदे. आडवे तात्या, तोंडावर पांढरं उपरणं. आणि पुढं मी, घसा फाडून ओरडतोय!

"व्याहीऽऽ!" कांद्याच्या वाफ्यात एक चप्पल सोडून तो भला माणूस धावत आला. "काल तर फोनवर बोलला ओ! मला टाकून कुठं निघाला!" आणि बाजेचा पाय धरून हमसून रडायला लागला.

तात्यांनी उपरणं काढलं. "व्याही? लवकर आला?"

व्याही मटकन मातीत बसले. कुणीतरी पाणी दिलं. घोट घोट पीत त्यांनी सगळं ऐकलं. मग त्यांनी तात्यांचा हात धरला. "व्याही, आमचं रान म्हंजी पाटी. सपाट. तिथं मोठा चालतोय म्हणून घेतला. तुम्ही ल्हान घ्या, बैल घ्या, सायकल घ्या. पण पुन्हा असं झोपू नका."

तात्या हसले. मोडलेली फांदी उचलून त्यांनी छातीशी धरली. "चला. ल्हान बुक करू."

तो ट्रॅक्टर आज त्या बागेत फांदीखालून असा जातो, की फळाला वारासुद्धा लागत नाही. आबांनी माप काढलं, "अडीच मेंढरं. बेस."

पण सोमवार अजून संपला नव्हता. बुकिंग करून आलो, तर अंगणात तात्यांची कारभारीण, आमची काकू उभी. पदर खोचलेला.

"आबा, लाज हाय का? जित्या माणसाला चौघांच्या खांद्यावर दिला? माझ्या बाजेला बांबू बांधला? आन् तू रं माकडा, म्होरं नाचत हुतास! व्याह्यांचा जीव गेला असता तर पोराच्या सासरी काय तोंड दाखवलं असतं?"

आबा, जे कुणाचं ऐकत नाहीत, ते चपलेकडं बघत म्हणाले, "वयनी, तात्याला पटवायचं हुतं. फांद्यांत बसत न्हाई म्हणून…"

"ते मला इचारायचं! रोज डाळिंबं तोडायला कोण जातं? माझा पदर अडकतोय तिथं. ट्रॅक्टर कुठनं जाईल? पण बाईला इचारतंय कोण! त्यापरीस मडं खेळलेलं बरं वाटतंय तुमाला!"

मग तिनं बाज आमच्यापुढं आपटली. दोरी पार सैल. "दोघं बसा. विणून द्या. तवर च्या न्हाई."

आम्ही विणत बसलो. काकू आत गेल्यावर आबा हळूच माझ्याकडं झुकले. "लेका, माझी नक्कल कर, तात्याची कर. हिची करू नकोस."

"का आबा? ऐकू जाईल?"

"ऐकतीया!" आतून काकू ओरडली. "दोरी वढा!"