नेलपॉलिशचे चार थेंब

माझे सासरे, बायकोचे बाबा, आमच्याकडे ऑस्ट्रेलियात ब्लॅकटाउनला नातीला बघायला तीन महिन्यांसाठी आले होते. कोविडमुळे बॉर्डर बंद झाली आणि त्यांचा मुक्काम दीड वर्षाचा झाला. पुण्याजवळच्या एका रेडिओच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं एकच काम केलं होतं. जोडून आलेला रेडिओ ट्यून करायचा आणि पुढे सरकवायचा. आमच्या घरात त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. भाजी निवडून झाली की सकाळी दहालाच त्यांचा दिवस संपायचा.

मग शेजारच्या आजीबाईंनी कुंपणावरून एक जुना ट्रान्झिस्टर दिला. त्यांचे यजमान क्रिकेटची कॉमेंट्री त्याच्यावरच ऐकायचे. ते गेले, आणि आता रेडिओतून नुसती खरखर येत होती. बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्या दिवसापासून आमच्या डायनिंग टेबलाचं अर्धं राज्य त्यांचं झालं.

मला याचा राग यायचा, हे आधीच कबूल करतो. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझं ऑफिस होतं. मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की तिकडून कुईं आवाज यायचा आणि पलीकडे कुणीतरी हसायचं.

बाबांना मात्र सांगायची फार हौस. रेडिओच्या पोटात चार छोट्या चौकोनी डब्या असतात, प्रत्येकीत तारेचं वेटोळं आणि मधोमध फेराइटचा ठिसूळ गाभा. गाभा किंचित फिरवला की डबीची फ्रिक्वेन्सी बदलते. चौघी आपापल्या जागी नेमक्या बसल्या की स्टेशन स्वच्छ लागतं.

"मोठ्या स्टेशनवर कान फसतो, जावईबापू," ते म्हणायचे. "जेमतेम ऐकू येणारं धरायचं आणि तेच वाढवत न्यायचं."

लोखंडी स्क्रूड्रायव्हर जवळ नेला तरी फ्रिक्वेन्सी हलते, म्हणून टेकअवेबरोबर आलेली एक चॉपस्टिक घासून त्यांनी तिचं टोक चपटं केलं होतं. मी 'हं, हं' म्हणत ईमेल वाचत होतो.

पाच दिवसांनी रेडिओ बोलला. कुठल्याशा लांबच्या गावातल्या बाजारातले मेंढ्यांचे भाव आमच्या जेवणघरात खणखणीत ऐकू आले. बायकोने टाळ्या वाजवल्या. बाबांनी तिचंच लाल नेलपॉलिश मागून घेतलं आणि गाभे हलू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक थेंब टाकला. ते वाळायला मागचं झाकण उघडं ठेवून बाबा दुपारी आडवे झाले. दुसऱ्या दिवशी आजीबाईंना रेडिओ द्यायचा होता.

मी चहा घ्यायला उठलो आणि सहज आत डोकावलो. गाभ्याला वरून खाच असते, तो दिसतो अगदी स्क्रूसारखा. एक खाली, दोन अर्धवट, एक तर पार वर आलेला. प्रत्येकावर लाल ठिपका. आमच्या ऑफिसात लाल ठिपका म्हणजे राहिलेलं काम. मनात आलं, म्हाताऱ्याच्या बोटांत जोर राहिलेला नाही, आवळायचे राहून गेलेत. पाच दिवस ते जे सांगत होते, त्यातलं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. ड्रॉवरमधून माझा स्क्रूड्रायव्हर आणला आणि चारही घट्ट आवळले. चौथा आवळताना 'कट्' असा बारीक आवाज झाला. मी हात काढून घेतला आणि पुढच्या मीटिंगला जाऊन बसलो.

संध्याकाळी चहाच्या वेळी बाबांनी नातीला जवळ बसवून बटण फिरवलं. खरखरसुद्धा नीट आली नाही. पुन्हा फिरवलं. त्यांचा चेहरा पाहवेना. मला तो 'कट्' आठवत होता, आणि तरी मीच म्हणालो, "वय झालं की होतं असं, बाबा. टेन्शन घेऊ नका."

त्यांनी चष्मा लावला, झाकण उघडलं आणि बराच वेळ आत पाहिलं. मग त्यांची नजर टेबलावर गेली. माझा स्क्रूड्रायव्हर मी तिथेच विसरलो होतो, टोकाला लाल कपच्या चिकटलेल्या. बाबांनी तो उचलला, रुमालाने टोक पुसलं आणि मूठ माझ्याकडे करून दिला.

"हा तुमच्या ड्रॉवरमधला. इकडे कसा आला कोण जाणे."

"काय झालं, बाबा? लूज कनेक्शन?" बायकोने विचारलं.

"नाही गं. हात चुकला माझा."

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. जावयाची मान मुलीसमोर खाली जाऊ नये म्हणून तो माणूस आपल्या तीस वर्षांच्या हातांना बट्टा लावून घेत होता, आणि मी मुकाट्याने स्क्रूड्रायव्हर ड्रॉवरमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कुंपणापाशी बरोबर नेलं. इंग्रजी बोलायला ते कचरायचे. दीड मीटरवर मास्क लावून आजीबाई उभ्या होत्या.

"त्यांना सांगा, रेडिओ चांगला होता. माझ्या हातून बिघडला. गाभा फुटलाय, तसा आता मिळत नाही. माफी मागतो म्हणावं."

मी सगळं इंग्रजीत सांगितलं, एक शब्दही गाळला नाही. आजीबाई 'नो वरीज, लव्ह' म्हणाल्या, पण रेडिओ घेताना त्यांनी तो छातीशी धरला.

त्यानंतर बाबांनी चॉपस्टिक हातात घेतली नाही. टेबल पूर्ण माझं झालं. फ्लाइट्स सुरू झाल्यावर ते परत गेले. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ते माझ्या नोकरीची चौकशी करतात, रेडिओचं नाव काढत नाहीत. बायकोला अजून काही माहीत नाही.

परवा कचऱ्याचा बिन बाहेर काढताना आजीबाई भेटल्या. त्यांनी बाबांची आठवण काढली, आणि मग आवाज हळू करून विचारलं, त्यांचे हात कसे आहेत आता?

"पहिल्यापेक्षा बरे आहेत," मी म्हणालो.